बरणीतली खाडी

आमच्या पेणच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर भरती-ओहोटी यायची. खोटं वाटत असेल तर नामातात्यांच्या खिडकीतली काचेची बरणी तेव्हा बघायला हवी होती.

नामातात्या माझे शेजारी. धरमतर खाडीच्या बांधावर उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, सांभाळण्यात त्यांची हयात गेली. ओहोटीला दार उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीला घट्ट लावायचं, नाहीतर खारं पाणी भातात शिरलंच. "येल चुकवायची नाय," हे त्यांचं पालुपद. मुलगा डोलवीला कंपनीत होता. त्याची गुजरातेत बदली झाली, तेव्हा बापाला सोबत म्हणून निळाशार फायटर मासा देऊन गेला.

झालं, तात्यांना पुन्हा ड्यूटी लागली. ओहोटीला मासा तांब्यात, बरणी रिकामी. भरतीला नळाचं ताजं पाणी. अमावास्येला उधाण म्हणून काठोकाठ, अष्टमीला भांगाची लहान भरती म्हणून चार बोटं कमी. मासा तळाशी जाऊन बसला. रंग उडाला, पर मिटले, दाण्याकडे बघेना. तात्या वर त्यालाच दटावत, "जित्या पान्यात ऱ्हातोस, अजून काय पायजे तुला?"

पुढे तात्याही जेवेनात, तेव्हा मी त्यांना बरणीसकट शोभेच्या माशांच्या दुकानात नेलं.

"याला टेन्शन आलंय," दुकानदार म्हणाला.

"टेन्शन? याला काय नाइट शिफ्ट हाय?"

"सारखं पाणी बदलता ना? आठवड्यातनं एकदाच बदला, तेही पाव बरणी. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घ्या. बदामाच्या झाडाचं एक सुकं पान टाका, आणि त्याला जरा एकटं सोडा."

तात्यांनी बरणी जवळ ओढली. मग म्हणाले, "आन् भरतीला मी काय करू?"

दुकानदार हसला. मला काही हसू आलं नाही.

थोड्या दिवसांत मासा पर पसरून फिरायला लागला. तात्या मात्र हात बांधून खिडकीशी बसलेले. बघवेना. एके दुपारी कॅलेंडरात तिथी बघितली, त्यांनीच शिकवलेला भरतीच्या वेळेचा हिशेब मांडला आणि दार वाजवलं.

"तात्या, भरती लागली. चहाला चला."

"कवाच लागली, बाई. येल चुकवायची नाय," म्हणत ते शर्ट चढवायला लागले.

आता रोज येतात. भरती रोज थोडी पुढे सरकते, तसा आमचा चहाही. मीही एकटीच असते. पण हे तात्यांना कधी सांगावं लागलं नाही.