परबांचं बोरन्हाण

मिहिर कोणाकडेही जायचा. दूधवाल्याकडे जायचा, कुरियरवाल्याकडे जायचा, आणि गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसाच्या कडेवर बसून एकदा तर तो शेजारपाजारची मीटरंही बघून आला होता. दोन वर्षं पुरी व्हायला आलेलं ते पोर बोरीवलीच्या त्या अख्ख्या सोसायटीचं होतं. फक्त एका माणसाला बघितलं की त्याचा खालचा ओठ बाहेर यायचा, श्वास अडकायचा आणि मग ते असं काही भोकाड पसरायचं की खालच्या मजल्यावरची माणसं एकमेकांना सांगायची, "श्वेताचे बाबा आलेले दिसतायत."

श्वेताचे बाबा म्हणजे नंदकिशोर परब. यात त्यांचा दोष नव्हता. दोष चेहऱ्याचा होता, आणि तो चेहराही त्यांनी काही हौसेने करून घेतला नव्हता. साकीनाक्याच्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून त्यांची सगळी हयात गेली. संध्याकाळी सुटणाऱ्या प्रत्येक माणसाची पिशवी बघायची, डबा उघडायला लावायचा, आणि "कोण आहे रे तिकडे? खिशात काय आहे, दाखव" असं दरडावायचं. गेटवरचा माणूस हसला की डब्यातून माल जातो, हे त्यांचं तत्त्व होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी युनिफॉर्म परत केला, शिट्टी परत केली, चेहरा तेवढा अंगावर राहिला.

कांजूरमार्गच्या घरी त्यांची बायको उत्तरा या चेहऱ्याला सरावलेली होती. लेक श्वेताही त्याच चेहऱ्यासमोर पाढे म्हणत मोठी झाली होती. पण नातवाला कोण समजावणार? परबांनी खुळखुळे नेले, शिट्टी वाजवणारा हत्ती नेला. मिहिरने हत्ती घेतला आणि हत्तीकडे बघत रडला.

दिवाळीच्या सुमारास सोसायटीतल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला एक भाड्याचा विदूषक आला होता. लाल नाक, कुरळ्या केसांचा टोप. त्या परक्या माणसाने मिहिरला उचललं तर पोराने त्याचं नाक ओढलं आणि ते खदखदून हसलं. परब दारातून बघत होते. त्यांना त्या विदूषकाचा राग आला नाही, हेवा वाटला. पुढच्याच रविवारी "गुडघ्याच्या व्यायामाला जातो" असं सांगून ते बाहेर पडले आणि एका शाळेच्या हॉलमध्ये भरणाऱ्या विदूषकाच्या वर्गाला जाऊन बसले.

वर्ग घेणारी निधी म्हणजे पंचविशीतली, केसांना निळा रंग लावलेली मुलगी. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, पडा."

परबांनी फरशी कोरडी आहे का ते बघितलं. चष्मा काढून खिशात ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकून बसले आणि सावकाश आडवे झाले.

"असं नाही काका. चुकून पडा."

"सांगितल्यावर चुकून कसं पडणार?" परब आडव्यानेच म्हणाले. "म्हणजे ते ठरवून पडणंच झालं ना?"

निधीने चिकाटी सोडली नाही. तिने त्यांना आनंदी विदूषक करून बघितलं. गालापर्यंत लाल हसू रंगवलं, पण वरचे डोळे संशयितच राहिले. "आता प्रेक्षकांकडे प्रेमाने बघा," असं तिने म्हणताच समोरच्या दोन कॉलेजकुमारांनी खिशातून हात बाहेर काढले. मग तिने त्यांना लाजरा विदूषक करून बघितलं, विसरभोळा करून बघितलं, फुलपाखरामागे धावणारा करून बघितलं. परब फुलपाखरामागे असे धावले की जणू फुलपाखराने काहीतरी चोरून नेलंय.

"काका, दुसऱ्याचा विदूषक अंगाला बसणार नाही," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला जे सगळ्यात झकास येतं ना, तेच करा. फक्त ते जमू देऊ नका."

"मला पिशव्या तपासता येतात."

"मग त्या तपासा."

परबांना वाटलं, पोरगी कंटाळली बिचारी. त्यांनी त्या सूचनेकडे दुर्लक्ष केलं आणि घरी आरशासमोर हसण्याचा सराव चालू ठेवला.

इकडे उत्तराबाईंना त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरवर लाल डाग सापडला.

"ह्या काय?"

"शाई."

"गुडघ्याच्या व्यायामाक लाल शाई लागता?"

परबांनी वर्तमानपत्र उघडलं. त्या दिवसापासून सोलकढी त्यांच्यासमोर जरा जोरात आदळू लागली.

संक्रांत झाली आणि श्वेताचा फोन आला. मिहिरचं बोरन्हाण ठरलं होतं. पोराला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवून औक्षण करायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या. मग जमलेली पोरं त्यावर तुटून पडणार. श्वेताच्या सासूबाई वसुधाताई, पक्क्या रीतिरिवाजाच्या बाई, पंधरा दिवस आधीपासून हलवा करत बसल्या होत्या.

"बाबा, तुम्ही पण याच," श्वेता म्हणाली आणि जरा अडखळली. "फक्त... थोडं उशिरा आलात तर चालेल का? म्हणजे एकदा औक्षण झालं की... तो एकदा रडायला लागला की थांबत नाही हो."

"चालेल की," परब म्हणाले. "माझा गुडघा तसाही दुखतोच आहे. नाहीच येत मी."

नातवाच्या बोरन्हाणाला आजोबाने उशिरा यावं, हे त्यांना पटत होतं आणि ते पटतंय याचंच फार वाईट वाटत होतं. मग त्यांनी निधीला फोन केला आणि टोप, नाक आणि वर्गातले ते होडीएवढे बूट एका दिवसापुरते मागून घेतले.

बोरन्हाणाच्या दिवशी उत्तराबाई पुढे गेल्या. निधीकडे तोंड रंगवून परब मागून रिक्षाने निघाले. रिक्षावाल्याने आरशात एकदा बघितलं आणि "मीटरने की शेअर?" एवढंच विचारलं. अडचण आली ती सोसायटीच्या गेटवर.

"कुणाकडे?" वॉचमन अंबादासने काठी आडवी केली.

"बोरन्हाण आहे ना, तिकडे," परब आवाज बारीक करून म्हणाले.

"नाव सांगा. वर फोन करून विचारतो."

नाव सांगितलं तर सगळंच मुसळ केरात. परबांनी हातवारे केले, नाक दाबून पीं असा आवाज काढला. अंबादास ढिम्म.

"सॉरी बॉस. त्या श्वेता मॅडमचे वडील आहेत ना, मागच्या महिन्यात आले होते. कुणालाबी न विचारता सोडतोस म्हणून एवढं झापलं मला. आता साक्षात देव आला तरी विचारल्याशिवाय सोडणार नाय."

परबांची छाती अभिमानाने फुगली. आपलं सांगणं कुणीतरी इतकं मनावर घेतलेलं ते पहिल्यांदाच बघत होते. पण आत कसं जायचं हा प्रश्न होताच. तेवढ्यात सजावटवाले एक भलामोठा थर्माकोलचा पतंग घेऊन आले. परबांनी मागून त्याचं एक टोक धरलं आणि पतंगाआडून थेट लिफ्टपर्यंत पोचले. कुणी हटकलं नाही. सुरक्षेतली ही ढिलाई बघून त्यांना इतका संताप आला की मागे जाऊन अंबादासला चार शब्द सुनवावेत असं वाटलं. मोठ्या कष्टाने त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.

हॉल बायकापोरांनी गच्च भरला होता. काळ्या झबल्यात, हलव्याचा मुकुट घातलेला मिहिर पाटावर बसून आपलेच बाजूबंद चाटत होता. विदूषक दारात दिसताच पोरं ओरडली. वसुधाताईंना वाटलं, सुनेने बोलावला. श्वेताला वाटलं, नवऱ्याने, म्हणजे देवेशने बोलावला. देवेश स्वयंपाकघरातून बोरन्हाणाची भरलेली परात घेऊन येत होता, त्याला वाटलं आईची हौस. तिघांनीही एकमेकांकडे बघून 'विचारायचं तरी' अशा अर्थाचं हसून घेतलं. बायकोसुद्धा ओळखत नाही म्हटल्यावर परबांना धीर आला. ते पाटासमोर आले, ओणवे झाले आणि काहीतरी गोड बोलण्यापूर्वी सवयीने खाकरले.

मिहिरचा खालचा ओठ बाहेर आला. श्वास अडकला. आणि मग ते भोकाड.

मिहिरला कडेवर उचलता उचलता श्वेता थबकली. आपल्या पोराचं रडणं आईला कळतं. भुकेचं वेगळं, झोपेचं वेगळं, पडल्याचं वेगळं. आणि हे तर त्याने जगात एकाच माणसासाठी राखून ठेवलं होतं.

"बाबा?" ती म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. उत्तराबाई पुढे झाल्या आणि त्यांनी परबांच्या रंगवलेल्या गालावरून बोट फिरवून ते निरखून बघितलं. "ती शाई ही होती होय," त्या म्हणाल्या आणि मटकन सोफ्यावर बसल्या. "देवा रवळनाथा. माका काय काय वाटलेला."

परबांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढा रंग, एवढा टोप, आणि पोराने एका खाकरण्यावरून ओळखलं. ओळखलं ते ओळखलं, वर रडलं. "जातो मी," ते पुटपुटले आणि मागे सरले. मागे देवेश होता. त्याला चुकवायला ते वळले, होडीएवढ्या बुटावर दुसरा होडीएवढा बूट पडला, आणि इतके रविवार ज्यासाठी निधी घसा कोरडा करत होती तसे, अगदी चुकून, ते पडले. नेमके मिहिरच्या रिकाम्या पाटावर बसते झाले. देवेशच्या हातातली परात कलंडली आणि बोरं, चुरमुरे, करवे, गोळ्या, सगळं बोरन्हाण त्यांच्या डोक्यावर ओतलं गेलं.

पोरं केव्हापासून याचीच वाट बघत होती. पाटावर कोण बसलंय हा त्यांचा प्रश्न नव्हता. ती तुटून पडली. कुणी टोपातून चॉकलेट काढलं, कुणी कॉलरीतून बोर, एकीने तर थेट सदऱ्याच्या खिशात हात घातला. डोळ्यांदेखत माल चालला होता. परबांच्या आतला सुपरवायझर खडबडून जागा झाला.

"कोण आहे रे तिकडे?" ते गरजले. "खिशात काय आहे, दाखव!"

पोरं जागच्या जागी गोठली. श्वेताने डोळे मिटले. आता मिहिर थांबायचा नाही.

पण मिहिरचं रडणं मध्येच अडलं. त्याने उचकी दिली. समोर तो दरडावणारा मोठा माणूस पायात होड्या घालून जमिनीवर बसला होता, त्याच्या भुवईवर चुरमुरा चिकटला होता, आणि तो एकीकडे तपासणी करत असताना दुसरीकडून एक मुलगी त्याच्या टोपातली गोळी काढून चालती झाली होती. मिहिरने ते बघितलं आणि तो खुदकन हसला.

परबांनी ऐकलं. त्यांना वाटलं, आपल्याला भास झाला. त्यांनी हळूच दुसरीकडे मान वळवून पुन्हा विचारलं, "कोण आहे रे?" पाठीमागून लगेच दोन चॉकलेटं गेली. मिहिर आईच्या कडेवरून खाली उतरला. त्याने एक बोर उचललं आणि आजोबांच्या टोपावर नेम धरून मारलं. परब गर्रकन वळले, भलत्याच मुलाला पकडून त्याचा रिकामा खिसा तपासला, आणि तेवढ्यात दुसरं बोर बसलं. हॉल हसून हसून लोळायचा बाकी होता. हयातभर ज्यांच्या गेटवरून एक स्क्रू बाहेर गेला नाही, त्यांच्या नाकाखालून आता सगळा मालच्या माल चालला होता, आणि निधी काय म्हणत होती ते परबांना तेव्हा कळलं.

ते उठायला लागले तशा वसुधाताई पुढे आल्या. "बसा, परबसाहेब. पाटावर बसलेल्याला आमच्याकडे औक्षणाशिवाय उठवत नाहीत." आणि त्यांनी खरोखरच विदूषकाला ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात परबांचा रंग डोळ्यांखाली जरा ओघळला. मग मिहिरला त्यांच्या शेजारी उभं करून उरलेलं बोरन्हाण त्याच्या डोक्यावरून ओतलं, आणि सारा कार्यक्रम तो आजोबांना बोरं मारत होता.

पाहुणे पांगल्यावर परब तोंड धुवायला बाथरूममध्ये गेले ते बाहेरच येईनात.

"झाला काय तुमचा?" उत्तराबाईंनी दार वाजवलं.

"मी असाच येतो घरी."

"रंगासकट? खुळे झालास काय?"

मग उत्तराबाईंचा आवाज खाली आला. "अवो, कधीतरी पुसूकच व्हया ना तो."

परबांनाही ते कळत होतं. विदूषकाला पोर हसलं होतं, आपल्याला नाही. रंग गेला की पुन्हा तोच चेहरा उरणार, आणि आजच्या दिवसानंतर ते रडणं ऐकायची त्यांची ताकद नव्हती. शेवटी त्यांनी साबण लावला. नाक काढलं, टोप काढला, केस नीट विंचरले. आणि दार उघडलं.

दारात मिहिर उभा होता. मागे श्वेता, देवेश, उत्तराबाई श्वास रोखून. मिहिरने वर बघितलं. तोच चेहरा, त्याच भुवया, तेच संशयित डोळे. त्याने मुठीतलं बोर फेकलं. ते आजोबांच्या पोटाला लागून खाली पडलं.

परब त्या बोराकडेच बघत राहिले. मिहिरने वाट बघितली. आजोबांना बहुतेक आठवत नाहीये, असं त्याला वाटलं असावं. मग त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले, भुवया आवळल्या, आणि साकीनाक्याच्या गेटवरून थेट उचललेल्या चेहऱ्याने विचारलं,

"कोन आहे ले?"

आणि नंदकिशोर परब तिथेच दारात, भिंतीला धरून, सगळ्यांदेखत हसत सुटले.