सूनबाई, तोंड वर करा

हुपरीचा सदू चांदीवाला गळाला लावायच्या मासोळीला सूनबाई म्हणायचा. वर तिला अहोजाहो करायचा. चरवीत हात घालून बोटाएवढी जिवंत मासोळी काढायची, ओल्या मुठीत धरायची आणि आख्ख्या खणीला ऐकू जाईल असं सुरू करायचं, "सूनबाई, तोंड वर करा. हां. आता खालच्या ओठातनं वर, वरच्या ओठातनं भाईर. डोळ्याला धक्का न्हाय लावायचा. झालं. जावा आता, जरा हिंडून या."

मी गडमुडशिंगीचा. आमच्या शिवारात दगडाची जुनी खण आहे, पाण्यानं भरलेली. समज आल्यापासून मी तिथं गळ टाकतोय. चौथीत शाळा सुटली ती ह्या खणीपायीच, आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही. मरळ मासा कुठल्या कपारीत बसतो ते मला ठाऊक, दुसऱ्या कुणाला नाही. असा मी, आणि नव्वद सालाच्या सुमाराला हा बुटका माणूस एस्टीतनं उतरतो, माझ्यापासनं दहा हातांवर बसतो आणि मलाच विचारतो, "काय पावणं, लागतंय का काय?"

पावणं! माझ्या गावात, माझ्या खणीवर, मी पावणा!

त्याचा गळही जगावेगळा. त्याचा जन्म पैंजणं घडवण्यात गेलेला. घुंगराच्या जुन्या साच्यात शिसं ओतून तो गळाच्या मानेवर हरभऱ्याएवढं डोकं बसवायचा. असला गळ तोंडावर बुडतो, आणि दोरी जरा उचलली की पाण्यात टुणकन उडी मारतो. त्याच्यावर ती सूनबाई, जिवंत, शेपूट हलवत. मरळ कपार सोडून धावत यायचा. माझी मासोळी घटकेत मरून लोंबायची, त्याची तासभर नांदायची. लपवून काय करू, माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात घरी बायको म्हणायची, "त्या हुपरीच्या भावजींना इचारा की, कसं लावत्यात ते." मी ताट सरकवून उठायचो.

एकदा त्याला तोंडावर विचारलं, "हुपरीत हिरी आटल्या व्हय रं, हितवर येतोस ते?"

"हिरी हाईत की," म्हणाला. "पर तिथं तुमच्यागत शिव्या देणारं कोण न्हाय, पावणं."

पुढं काही वर्षांनी माझ्या डोळ्यांपुढं धूर यायला लागला. आधी एका डोळ्यापुढं, मग दुसऱ्या. कुणाला बोललो नाही. गळाच्या नेढ्यात दोरी जाईना, मासोळीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते कळेना. गळ माझ्याच अंगठ्यात रुतायचा. "चष्मा घरात ऱ्हायला," असं म्हणायचो. चष्मा मला नव्हताच.

नेमकी तेव्हाच सदूची बडबड वाढली. "सूनबाई, आधी बोटानं खाच बघायची बरं का. खाच जिकडं, टोक तिकडं. मग खालचा ओठ नखावर घ्यायचा, अस्सा. घाई न्हाय करायची." म्हटलं, म्हातारा खुळावला. मासोळीला कसली खाच दाखवतोय?

एक दिवस तो झाडाखाली भाकरी खायला गेला, आणि त्याचा दंतमंजनाचा डबा माझ्याच दगडावर राहिला. आत शिशाचे गळ. दोन उचलले. होय, चोरले. ज्यानं जन्मात दुसऱ्याच्या रानातला ऊस मोडला नाही, त्यानं चोरले. सदूनं येऊन डबा हलवून बघितला आणि म्हणाला, "खेकडं लई शिकल्याली दिसत्यात हितली. डबा उघडून झाकण परत लावत्यात." पुढच्या आठवड्यात डबा पुन्हा तिथंच. म्हटलं, बावळट आहे, आपलं काय जातंय?

आणि काय सांगू, त्या गळात माझी दोरी पहिल्या फटक्यात गेली. त्याचीच बडबड मनात म्हणत मासोळी लावली, ती जगली, आणि मला हातभर मरळ लागला. तो घेऊन मी सरळ घरी गेलो नाही. न्हाव्याच्या दुकानावरनं, चावडीवरनं, गिरणीवरनं वळसा घालून गेलो. मरळ बघून सदू एवढा हसला, की मला वाटलं, आतनं जळलाय.

शेवटी लेकीनं मला कोल्हापुरात नेऊन दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून आणले. काळा चष्मा लावून ओसरीवर बसलो आणि सामान काढलं. चोरलेले गळ पहिल्यांदा नीट बघितले. नेढं एवढं, की सुतळी जाईल. शिशावर टोकाच्या बाजूला कानशीनं पाडलेली खाच, आंधळ्याच्या बोटालाही कळावी अशी.

खणीवर गेलो आणि आधी सदूच्या दोरीचा गळ बघितला. नेढं तिळाएवढं. शिसं गुळगुळीत. खाच कुठंच नाही.

"दिसाय लागलं?" त्यानं विचारलं.

"मुंगीचा पाय दिसतोय," मी ताठ्यात सांगितलं.

"झ्याक झालं." त्यानं मासोळी काढली, लावली, टाकली. एक शब्द नाही. दुसरी लावली, तीही मुक्यानंच. खण मला परक्याची वाटायला लागली.

"सूनबाईशी भांडण झालं काय रं?"

"आता कशाला बोलायचं? तुमास्नी दिसतंय की." मग दोरीकडं बघत म्हणाला, "घरात दोन पोरं हाईत, दोन सुना हाईत. दिसभर मशिनी चालत्यात. माझं कुणाला ऐकू जात न्हाय. हितं बोलायला कारण हुतं."

मला जमत नाही, दिसत नाही, हे मी जन्मात कुणापुढं कबूल केलं नव्हतं. बायकोपुढं नाही, डाक्टरपुढं नाही. धूर होता तेव्हासुद्धा नाही.

चष्मा काढून पुसल्यासारखं केलं. म्हटलं, "मुंगीचं उगं सांगितलं, सदूभाऊ. धूरच हाय अजून. मासोळीचं तोंड कुठलं, शेपूट कुठलं, काय कळंना बघ. जरा मोठ्यानं बोल."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी मला दहा हातांवरनं लख्ख दिसलं. मग त्यानं चरवीत हात घातला.

"सूनबाई, तोंड वर करा. पावण्यांना अजून दिसत न्हाय."

मरळ त्या दिवशीही त्यालाच लागला. चांगला दीड हात होता. मेल्याचा हात धरणारा अजून जन्मायचाय.