बंबाची डावी बाजू

आबांच्या घरी लाकडाचे नशीब न्हाणीघरात ठरायचे. बंबाच्या उजव्या बाजूला टेकवलेले लाकूड वाळवायचे आणि त्याची घड्याळे करायची. डाव्या बाजूचे जाळायचे. नियम आबांचाच होता. बत्तीस वर्षांत तो एकदाच मोडला, तोही आबांनीच. त्या दिवशी उजव्या बाजूला कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला उठवणे त्यांच्या जिवावर आले, म्हणून त्यांनी अण्णासाहेबांच्या नांगराचे रुमणे, म्हणजे हातात धरायचा दांडा, घटकाभर डावीकडे टेकवले आणि ते बाजारात गेले. येऊन आंघोळ केली, चहा प्यायले, मग आठवण झाली.

"हितलं रुमणं कुटं गेलं?"

"डावीकडं व्हतं," त्यांच्या बायको भीमाबाई म्हणाल्या. "तीन तुकडं केलं आन् घातलं बंबात."

"मंग मी आंगूळ कशानं केली?"

"त्याच्यानंच. आज पानी लई झ्याक तापलंय म्हनालात की."

सूस गावात आबांच्या घराला सगळे घड्याळवाल्यांचे घर म्हणत. नारळाची करवंटी, बैलाचे शिंग, मोडक्या बैलगाडीचे चाक, कशाचेही ते मनगटी घड्याळ करीत. मुलगा धम्मपाल आतले यंत्र बसवी आणि सून गौतमी गिऱ्हाइकांशी बोले. अण्णासाहेब सूसची जमीन विकून भूगावच्या बंगल्यात राहायला गेले होते. वडिलांच्या पुण्यतिथीला दोन मुलांना आणि आईला त्यांना वडिलांच्या रुमण्याची घड्याळे द्यायची होती. "वडिलांचा हात फिरलाय ह्याच्यावर," असे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

"खरं सांगून मोकळं व्हा," धम्मपाल म्हणाला. आबांनी फोन लावला. पण अण्णासाहेबच आधी बोलले.

"आबा, काल वडील स्वप्नात आले. म्हणाले, लाकूड जपा."

"जपलंय," आबा म्हणाले.

"मग उद्या कापतानाचा व्हिडिओ पाठवा."

आता दुसरे रुमणे हवे, तेही बाभळीचे आणि हात लागून गुळगुळीत झालेले. तशी झिलई पॉलिशने येत नाही, ती माणसाच्या घामाने येते. तसे रुमणे घरात एकच होते. आबांचे वडील भैरू यांचे. भैरू आयुष्यभर अण्णासाहेबांच्याच रानात राबले. बैल मालकाचे, रान मालकाचे, नांगर तेवढा त्यांनी स्वतः घडवलेला. त्यांचा फोटो कधी कुणी काढला नाही. त्यांचे म्हणून घरात एवढेच उरले होते, बुद्धमूर्तीशेजारी भिंतीवर टांगलेले.

"आबा, ते नको," गौतमी म्हणाली.

"शबुद गेलाय," आबा म्हणाले आणि त्यांनी करवत घेतली.

गौतमीने व्हिडिओ काढला. करवत चालू होती आणि आबा रडत होते. अण्णासाहेबांचा लगेच निरोप आला, 'आमच्या वडिलांवरची तुमची माया पाहून गहिवरलो.'

वडिलांच्या अंगठ्याने जिथे खळगा पडला होता, तो तुकडा आबांनी सगळ्यात शेवटी कापला. कितीही घासून खळगा जाईना, आणि खरे तर आबांनी तो फारसा घासलाच नाही. घड्याळाच्या कडेला तो तसाच राहिला.

पुण्यतिथीला भूगावच्या बंगल्यात मंडप होता. "ह्याच लाकडानं आमचं रान नांगरलं," अण्णासाहेब माईकवर म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा मागच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. वाक्य खोटे नव्हते, याचेच त्यांना जास्त वाईट वाटत होते.

अण्णासाहेबांच्या आई सगुणाबाईंना दिसत नसे. त्या मनगटावरचे घड्याळ अंगठ्याने चाचपत राहिल्या, मग त्यांनी आबांना जवळ बोलावून घेतले.

"आबा, ह्यो भैरूचा अंगठा हाय न्हवं?"

आबा हळूच म्हणाले, "व्हय."

"आमचं मालक छत्री घिऊन बांधावर बसायचं. रुमणं त्यांनी कवा धरलंच न्हाई. मी भाकरी घिऊन जायची, तवा भैरूच नांगर धरून असायचा. एकदा गंमत म्हनून मीबी धरलं व्हतं. तवा ह्यो खळगा हाताला लागला व्हता." त्यांनी घड्याळ काढून आबांच्या मुठीत दिले. "ने घरी. मला येळ बगून कुटं जायाचंय?"

आठवड्याने अण्णासाहेबांचा फोन आला.

"आबा, आईनं घड्याळ हरवलं. आमच्या लाकडातलं काही उरलंय का? भुगा असला तरी चालेल, देव्हाऱ्यात ठेवतो."

आबांनी फोनवर हात ठेवून भीमाबाईंना विचारले, "त्या दिसाची राख हाय का गं?"

"तिनं भांडी घासली."

"अण्णासाहेब," आबा फोनवर म्हणाले, "तुमच्या लाकडातलं कायबी ऱ्हायलं न्हाई." महिन्याभरात ते त्यांच्याशी पहिल्यांदाच खरे बोलले.

बंबाच्या उजव्या बाजूची कोंबडी केव्हाच उठून गेली होती. तिच्या अंड्यांतून एकही पिल्लू निघाले नाही. आबा त्या रिकाम्या जागी बसले आणि बाही वर सारून घड्याळाच्या खळग्यात त्यांनी आपला अंगठा ठेवून पाहिला. तो बसेना. वडिलांचा अंगठा बराच मोठा होता.