जगदाळे सरांचा लेथ

आमचे डीन जगदाळे सर कोणाच्याही घरी गेले की आधी वर पंख्याकडे बघतात, मग माणसाकडे. "बेअरिंग गेलंय," असं म्हणून मगच नमस्कार. माझ्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोरही त्यांनी हेच केलं. मुलाची आई सोफ्यावरून उठून पंख्याखालून बाजूला सरकली ती शेवटपर्यंत तिथे बसली नाही.

देवासहून सोनकच्छकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मॅनेजमेंट कॉलेज आहे. मी तिथली ग्रंथपाल. सर पूर्वी देवासच्याच एका कारखान्यात इंजिनियर होते. कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा चाळिशी उलटलेल्या या माणसाने घरबसल्या एमबीए केलं आणि इथे शिकवायला आले. बाकी कोणी टिकत नव्हतं, हे टिकले, म्हणून डीन झाले. कॉलेजच्या सेठना टाय बांधणारा आणि उलट न बोलणारा माणूस हवाच होता.

'अंदाजे' हा शब्द सरांना चालत नाही. कारकून म्हणाला, थोड़ा लेट हो गया, की यांचं ठरलेलं, "थोड़ा यानी कितना, भिया?" चहातली साखरही मोजून. आणि असा काटेकोर माणूस दर उन्हाळ्यात कॉलेजचं माहितीपत्रक सही करून छापायला देतो, त्यात आमच्या प्रत्येक मुलाला मोठी नोकरी लागलेली असते. लागते कुठली डोंबलाची! आमची पोरं बसस्टँडवर सिमकार्डं विकतात. मी एकदा तोंडावर म्हटलं, तर वर पंख्याकडे बघत राहिले. मला चीड येते अशा वेळी, खरंच येते.

कारखाना मोडीत निघाला तेव्हा तिथला एक लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, सरांनी सेठच्या मागे लागून कॉलेजात आणवला होता. नोकरीतलं पहिलं काम ते त्याच्यावरच शिकलेले. मुलांना उद्योग कळेल म्हणे. कळतोय! मुलं त्याच्यावर दप्तरं ठेवायची. थ्री-फेज वीज नव्हती, त्यामुळे तो कधी चाललाच नाही. सर त्याला तेल मात्र नेमाने द्यायचे.

यंदा सेठनी त्या खोलीचा एसी हॉल करायचं ठरवलं. दसऱ्याला उद्घाटन, लेथ भंगारात. पण एसीसाठी थ्री-फेज आली आणि सरांनी एकच ध्यास घेतला, जायच्या आधी एकदा तरी त्याला चालवायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी यायला त्यांनी इलेक्ट्रिशियनला सांगून ठेवलं. पण मेली भंगारवाल्याची गाडी त्या दिवशी सकाळीच दारात हजर.

दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी आपण हत्यारं पुजतो. सरांचे वडील धारला फिटर होते, त्यांच्या घरी पाने-पकडी पाटावर मांडायचे. सरांनी सरस्वतीच्या फोटोपुढची कोयरी उचलली, लेथला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि सेठना फोन केला. आमच्यात पुजलेलं हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत, वापरतही नाहीत, असं सांगितलं. सेठ देवभोळे. बरं, उद्या पहाटे उचलू, म्हणाले. गाडी परत गेली. सरांनी सेठची एक तरी गोष्ट फिरवली म्हणून मी मनातून खूश झाले.

दुपारी इलेक्ट्रिशियनने तारा जोडल्या आणि "साब, चला के देख लो" म्हणून तो गेला. मी डोकावले तर सर स्टुलावर बसलेले. बाह्या वर केलेल्या, हात मात्र मांडीवर.

म्हटलं, "चालवा की सर. कोण बघतंय?"

"पुजलाय ना, ताई."

"अहो, ती तर गाडी घालवायला मारलेली थाप."

सरांनी लेथवरचा हार सारखा केला. मग हळूच म्हणाले, "आजवर पुष्कळ खोटं लिहून दिलंय मी. याच्या नावावर नाही बोलणार."

इतकी वर्षं या माणसावर केलेला राग अजून गेलेला नव्हता, आणि डोळे मात्र भरून आले होते. मी दुसरं स्टूल ओढलं. शेवटची बस येईपर्यंत आम्ही दोघं त्या बंद लेथसमोर बसून होतो.