ग्राफीनचा नमुना, नग एक

"पप्पा, रविवारी तुम्ही फक्त हसायचं. विचारायचं काहीही नाही," मैत्रीनं चहाचा कप पुढे ठेवता ठेवता बजावलं.

"हसायलाच तर बसवलेत ना हे," असं म्हणून धम्मरत्न ओव्हाळांनी समोरचे चारही नवे दात दाखवले. कस्तुराबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "हसा बाई, मनसोक्त हसा. पण ती खिशातली डायरी आधी माझ्याकडे द्या."

डायरी काही त्यांनी दिली नाही. त्यात बावीस प्रश्न होते.

धम्मरत्न ओव्हाळ म्हणजे थेरगावचा एक भला माणूस. एकतीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत ते माल तपासत होते, आणि त्यांच्या नजरेतून साधा वॉशर सुटेल तर शपथ! तिथवर ठीक होतं हो. पण हा माणूस घरी आला तरी तपासणी संपेना. मेथीची जुडी सोडून मधली काडी बघायची, पोळीची जाडी व्हर्नियरनं मोजायची. तो व्हर्नियर कस्तुराबाईंनी शेवटी पिठाच्या डब्यात पुरला. मैत्रीची आधीची दोन स्थळंही याच गुणापायी गेली. पहिल्या मुलाकडे त्यांनी ऑफिसातल्या हजेरीचा तीन महिन्यांचा कागद मागितला. दुसऱ्याला तर सगळ्यांदेखत उभं करून चालून दाखवायला लावलं. पोरगा दारापर्यंत चालत गेला तो परत आलाच नाही.

आता रविवारी बघायला येणार होता तो हा तिसरा, बुद्धरत्न. माणच्या आयटी कंपनीत होता आणि मैत्रीनं स्वतः पसंत केला होता. "हेही मोडलं तर पुन्हा माझ्या लग्नाचं नाव काढायचं नाही," असं तिनं सांगितलं होतं. पोरगी बापावर गेलेली, बोलेल ते करणारी. त्यामुळे घरात सगळे धास्तावले होते, खुद्द धम्मरत्नरावही. पण सवय ती सवय.

दातांचं असं झालं, की समोरचे चार दात मुळापासून किडले होते. डॉक्टर तेजस्विनींनी छोटीशी शस्त्रक्रिया करून ते काढले आणि हिरड्या नीट भरेपर्यंत काढता-घालता येणारी चार दातांची कवळी दिली.

"काका, ही साधी नाही बरं का. हिच्यात ग्राफीन आहे."

झालं! ओव्हाळांचा चेहरा पडला. कारण त्यांच्या कंपनीत सहा महिने ग्राफीनचा लेप दिलेले वॉशर बनवायचं चाललं होतं, एका मोठ्या ग्राहकासाठी. आणि ते नमुने चार वेळा नापास कोणी केले होते? ह्यांनीच. तेच मटेरियल आता ह्यांच्या तोंडात.

"पेन्सिलीच्या शिशात असतो तोच कार्बन," डॉक्टर समजावत होत्या, "फक्त एका अणूइतका पातळ पापुद्रा. चिमूटभर मिसळला की कवळी सहसा तडकत नाही."

"टेस्ट रिपोर्ट?"

"कसला?"

"मटेरियलचा. बॅच नंबर तरी असेल?"

"काका, दात आहे तो. चावून बघा ना!"

चावून बघा! हा काय शास्त्रशुद्ध माणसाला द्यायचा सल्ला झाला? ओव्हाळ आठवडाभर शिरा आणि वरणभात खाऊन राहिले. शेवटी शनिवारी न राहवून ते कवळी रुमालात बांधून कंपनीच्या लॅबमध्ये गेले आणि तिथल्या किसनच्या टेबलावर ठेवली.

"किसन, हिचा कडकपणा मोज जरा."

"ओव्हाळभाऊ, टॅग कुठाय? टॅगशिवाय मशीनवर काही ठेवायचं नाही. नियम तुमचाच ए, राव."

नियम खरोखरच त्यांचा होता. त्यांनी टॅग घेतला आणि सुवाच्य अक्षरात भरला. मटेरियल: ग्राफीन. नमुना, नग: एक. किसननं यंत्र लावलं, आकडा बघितला आणि भुवया उंचावल्या. "ओके ए की भाऊ. एक नंबर!" त्यानं रिवाजाप्रमाणे टॅगवर हिरवा शिक्का मारला. ओव्हाळ कवळी उचलणार, इतक्यात लाइनवरून बोलावणं आलं म्हणून ते पाच मिनिटांसाठी गेले. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला.

परत आले तर टेबल रिकामं.

"अरे किसन, माझे दात?"

"गेले."

"कुठे गेले?"

"ग्राहकाकडं. ग्राफीनचे पाचव्या वेळचे नमुने आज जायचे होते ना? डिस्पॅचवाल्यानं हिरवा शिक्का बघितला, ग्राफीन वाचलं आणि वॉशरच्या ट्रेमध्ये ठेवून दिलं. ओके माल टेबलावर पडू द्यायचा नाही, हाही..."

"माझाच नियम. माहितीये," ओव्हाळ तोंडावर हात धरून म्हणाले. चार दातांच्या फटीतून शब्दांबरोबर वाराच जास्त निघत होता.

ग्राहकाचा कारखाना दोन चौक पलीकडे. तिथे आवक माल तपासायला कोंडाजी नावाचा गावचाच जुना माणूस होता. कारखाना ज्या जमिनीवर उभा, ती एके काळी त्याच्याच भावकीची. ओव्हाळ धापा टाकत पोचले तेव्हा कोंडाजी भिंग लावून त्यांचे दात निरखत बसला होता.

"कोंडाजीभाऊ, ते माझे आहेत. चुकून आले. द्या परत."

"तुमचं आसतील, न्हाई कोन म्हनतंय? पन माल आत आला की दोनच वाटा. पास झाला तर स्टोअर, नापास झाला तर परत."

"मग नापास करा!"

"कारन सांगा."

ओव्हाळांनी कारण शोधलं. रंग जरा वेगळा आहे म्हणावं, कडेला खरखरीत आहे म्हणावं. पण ओठांवर आलेलं खोटं काही बाहेर पडेना. एकतीस वर्षांत चुकीचा शेरा त्यांनी कधी दिला नव्हता.

"दोष काहीच नाही हो," ते रडवेल्या सुरात म्हणाले.

"त्येच म्हनतोय मी. कडकपना भारी, फिनिशिंग भारी. तुमच्या कंपनीनं ग्राफीनचं शेवटी काय तरी धड धाडलंय. आता निस्ती फिटमेंट, जागेवर नीट बसतंय का ती, बघायची ऱ्हायलीय."

"मी लावून दाखवतो ना आत्ताच!"

"माल धाडणाऱ्यानं सवताच तपासायचा?" कोंडाजीनं चष्म्यावरून बघितलं. "तुमच्या टेबलावर तुमी चालवून घेतलं आसतं का वो?"

ओव्हाळांनी पुढे केलेला हात मागे घेतला. नसतं चालवून घेतलं. शप्पथ नसतं. मनातून तर त्यांना कोंडाजीचा आदरच वाटला, आणि तसेच बोळक्या तोंडानं ते घरी आले.

कस्तुराबाईंनी कपाळावर हात मारला. मैत्रीनं रविवारसाठी काढलेली साडी घडी घालून परत कपाटात ठेवली, आणि तेच जास्त लागलं त्यांना. रविवारी दहाला पाहुणे आले. "ह्यांची दाढ दुखतेय, बोलता येत नाहीये," असं कस्तुराबाईंनी दारातच सांगून टाकलं. ओव्हाळ ओठ मिटून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. खिशात बावीस प्रश्न, आणि विचारायची सोय नाही!

मुलाचे वडील होते निवृत्त शिक्षक. त्यांना जन्मभरात इतका चांगला श्रोता मिळाला नसावा. पोराला पहिली नोकरी कशी लागली, मधे सहा महिने तो घरी कसा बसला, राग आला की कसा भांडी घासत सुटतो, सगळं त्यांनी आपण होऊन सांगितलं. ओव्हाळ मनात खुणा करत गेले. तासाभरात सतरा प्रश्नांची उत्तरं न विचारताच आली होती. चिवड्याची ताटली फिरली तेव्हा बुद्धरत्ननं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, ताटली मुकाट्यानं बाजूला केली आणि स्वतःच्या वाटणीचा शिरा त्यांच्यापुढे सरकवला. त्यावर ना शब्द, ना कोणाकडे बघणं. ओव्हाळांना एकदम भरूनच आलं.

तेवढ्यात दारात आवाज आला, "ओव्हाळसायेब हितंच ऱ्हात्यात का?"

कोंडाजी! हातात डबी आणि तिला सुतळीनं बांधलेला लाल कागद.

"तुमचं दात! रिजेक्ट झालं एकदाचं!" सगळ्या बैठकीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला.

मग काय, झाकायचं काही उरलंच नाही. लॅब, टॅग, ट्रे, सगळं कोंडाजीनं उभ्या उभ्या सांगून टाकलं. मुलाच्या वडिलांचा घास हातातच राहिला. "म्हणजे हे आपले दात कंपनीत तपासायला घेऊन गेले होते?"

मैत्रीनं डोळे मिटून घेतले.

"पण नापास कशावर केलं?" ओव्हाळांना स्वतःची लाज विसरून तेवढं मात्र विचारावंच लागलं.

"फिटमेंट. खोटं कारन मी लिवनार न्हाई आन् तुमी बी न्हाई. मग सकाळच्याला मीच माझ्या तोंडात लावून बघितलं. न्हाई बसलं! दातांवर लाल ठिपका मारलाय, तो नियम हाय."

मग मुलाचे वडील असे हसत सुटले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "घाला की ओव्हाळसाहेब," डोळे पुसत ते म्हणाले, "आणि विचारा आता काय विचारायचं ते. तुमच्यासारख्या माणसानं प्रश्न काढलेच असणार."

ओव्हाळांनी डबीकडे पाहिलं. कोंडाजीचे तंबाखूनं रंगलेले दात पाहिले. मग पाहिलं मैत्रीकडे. ती त्यांच्या डायरीच्या खिशाकडे बघत होती.

"नको," ते बोळक्या तोंडानं, अगदी मनापासून हसत म्हणाले. "मुलगा बघितला मी. मला पसंत आहे."

"त्ये ऱ्हाऊ द्या, आधी हितं सही करा," कोंडाजीनं लाल कागद पुढे केला. "माल तपासून घेतला म्हनून."

ओव्हाळांनी पेन काढलं आणि डबी न उघडताच सही ठोकली. कस्तुराबाई बघतच राहिल्या, आणि मग लगबगीनं साखर आणायला आत गेल्या.