ओटा बदलताना घ्यावयाची काळजी

माणसाची खरी लायकी तो काय बोलतो किंवा काय वाचतो यावरून कळत नाही. तो पीठ कशावर मळतो यावरून कळते. हे सत्य मानवजातीला फार उशिरा उमगले. त्याआधी कित्येक शतके माणसे समोर जे सपाट दिसेल त्यावर मळत राहिली आणि तरीही त्यांना शांत झोप लागत असे. (त्यांच्या निगरगट्टपणाबद्दल अधिक बोलणे बरे नव्हे. त्यांतले बरेचसे आपले पूर्वज आहेत.)

पाववाले काका अशाच निगरगट्टांपैकी एक. त्यांची बेकरी पुढे आणि घर मागे. मधल्या भिंतीला बुटकी खिडकी होती आणि त्या खिडकीतून एकच लांबलचक काळा दगड आरपार गेला होता. भिंतीच्या अलीकडे त्याला काउंटर म्हणत, पलीकडे ओटा. अलीकडे काका पाव मळत आणि विकत, पलीकडे काकू भाजी चिरत. त्यांचा सगळा संसार त्या दगडावरून सरकत आला होता: चहाचा कप पलीकडून अलीकडे, रिकामा कप अलीकडून पलीकडे, आणि रुसवाफुगवा असला की मिठाची बरणी दोन्हीकडून जेमतेम मध्यापर्यंत. दगडात दोष म्हणावा असा एकच होता. त्याला काहीही झालेले नव्हते.

अशात धाकटी लेक शिकून परत आली. थोरल्याने बेकरीकडे पाठ फिरवून दूर देशी बस्तान बसवले होते, तेव्हा आपल्यामागे भट्टी थंड होणार हे काकांनी मनोमन गृहीत धरले होते. धाकटी नेमके काय शिकली ते त्यांना सांगता येत नसे. कुणी विचारले तर ते "पर्यावरणातलं काहीतरी, बरंच" एवढेच म्हणत, पण त्यातले "बरंच" म्हणताना त्यांची छाती फुगे. बेकरी मी चालवीन, धाकटी म्हणाली, फक्त ती शाश्वत पद्धतीने चालली पाहिजे, आणि सुरुवात ओट्यापासून. काकांनी तिचे वाक्य संपायच्या आत होकार दिला. पाव उलटे टांगून भाजायचे असे ती म्हणाली असती, तरी त्यांनी आढ्याला खिळे ठोकायला घेतले असते.

काकूंनी मात्र शंका काढली. "शाश्वत म्हणजे काय गं?"

"जे वर्षानुवर्षं टिकतं ते."

काकूंनी ओट्यावर हात फिरवला. "मग हा तुझ्या आजोबांनी बसवलेला आहे."

"आई, हा टिकलाय. टिकाऊ नाहीये."

हा फरक काकूंच्या लक्षात आला नाही. काकांच्याही आला नाही, पण ते मान डोलावत राहिले. बोलताना धाकटी दोन्ही हात हवेत फिरवते आणि तेव्हा ती बालवाडीत गाणे म्हणायची तशीच दिसते. अशा वेळी बापाने मुद्दा समजून घेण्याची अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे.

अशा कामाला सल्लागार लागतो. (सल्लागाराशिवाय बदललेला ओटा हा नुसता नवा ओटा असतो.) धाकटीने आणलेले सल्लागार झाडाच्या सालीपासून विणलेला शर्ट घालत, जो ते चालू लागले की कुरकुरे, त्यामुळे ते आल्याची वर्दी आधीच मिळे. त्यांनी चपला काढल्या, गुडघे टेकले आणि दगडाला कान लावला. बराच वेळ ऐकून ते म्हणाले की यात एक डोंगर रडतो आहे. काका हादरले. इतकी वर्षे आपण एका डोंगराच्या अंगावर लोण्याची बिस्किटे थापत होतो या विचाराने त्यांचा चेहरा उतरला. त्यांनीही कान लावून पाहिला. पलीकडे काकू कांदा चिरत होत्या, पण हुंदके ऐकू आले हे खरे.

नवे काय बसवायचे हे ठरवण्याआधी जुने काढणे आवश्यक असते. सल्लागारांनी याचे कारण फार सुरेख सांगितले: जुने जागेवर असेपर्यंत नव्याची निकड भासत नाही, आणि निकडीशिवाय केलेली निवड शास्त्रीय ठरत नाही. त्यानुसार गडी आले. दगडाने सहकार्य केले नाही. हातोड्यांचे दांडे मोडले, गड्यांनी दगडाला आणि नंतर एकमेकांना शिव्या घातल्या, शेवटी डिझेलवर धडधडणारे यंत्र आणावे लागले. त्याच्या धुराने गल्लीतली धुणी काळी पडली, पण तो पर्यावरणाच्या दिशेने जाणारा धूर होता. यंत्राने मधली भिंतही थोडी नेली. त्यामुळे काकू दुकानाच्या वेळात अनवाणी एका पायावर उभ्या राहतात, दुसरा पाय गुडघ्याला लावून, करकोच्यासारख्या, हे काकांना लग्नानंतर इतक्या वर्षांनी प्रथमच कळले. त्यांना ते अतिशय आवडले. दगडाचे तुकडे ट्रकमधून शहराबाहेर गेले आणि निवडप्रक्रियेला अधिकृत सुरुवात झाली.

नमुने येऊ लागले. प्रत्येक नमुना तळहाताएवढा. तो कापसात, कापूस डब्यात, डबा फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये आणि ते सगळे काका आत बसू शकतील एवढ्या खोक्यात. खोकी ठेवायला जागा उरली नाही तेव्हा काकूंनी पलंगाचे पाय त्यांवर चढवले. त्यानंतर घरातल्यांना झोपायला स्टुलावरून जावे लागे.

परीक्षण कडक होते; जो नमुना बरा वाटे त्याची अख्खी फळी मागवून पाहिली जाई. लाकूड पहिल्याच फेरीत बाद झाले, कारण झाडाची संमती घेतल्याचा पुरावा विक्रेत्याला देता येईना. बांबू निर्दोष होता, परंतु जहाजाने आलेला. पोलाद कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येते म्हणून त्याला गुण चांगले पडले, पण त्यावर भट्टीतला ट्रे आपटला की असा आवाज होई की रांगेतले निवृत्त फौजदार दर वेळी खाडकन सलाम ठोकत आणि त्यांचे दूध सांडे. रद्दी वर्तमानपत्रे दाबून केलेला तक्ता सर्वांना पसंत पडला. आठवडाभर पाव मळल्यावर ध्यानात आले की पावांच्या तळाला जुन्या बातम्या उमटत आहेत. काही गिऱ्हाईके तेवढ्यासाठी पाव नेऊ लागली. शेजारच्या चांभाराने तर एक पाव परत आणून दिला: यातली बातमी अर्धवट आहे, उरलेली कुठल्या पावावर आहे ते सांगा. बाटल्यांच्या बुचांपासून बनवलेल्या फळीने गरम ट्रेला मिठी मारली ती सोडलीच नाही. ते दोघे अजून एकत्र आहेत. अळिंबीच्या मुळांपासून वाढवलेला ओटा सल्लागारांचा लाडका. तो काकूंनी ओल्या फडक्याने पुसला, एवढाच त्यांचा गुन्हा. सकाळी त्याला टोप्या फुटलेल्या होत्या आणि तो खिडकीच्या दिशेने वीतभर सरकला होता.

("हा सजीव पर्याय आहे," सल्लागार म्हणाले. "तो पर्याय माझ्या डब्यांकडे बघतोय," काकू म्हणाल्या. त्यांचे मत नोंदवण्यात आले नाही, कारण सल्लागारांनी नेमलेल्या निवडसमितीत त्यांचा दर्जा "परिणाम सोसणारा घटक" असा होता.)

दरम्यान बेकरी चालू ठेवणे भाग होते. पीठ कपडे इस्त्री करायच्या टेबलावर मळून झाले, पण ते टेबल मळताना पुढेमागे झुले आणि काकांना बोट लागे. मग न्हाणीघराचा दरवाजा काढून तो खोक्यांवर आडवा टाकला. दरवाजा उत्तम निघाला. फक्त त्या दिवसापासून घरात जो कोणी आंघोळीला जाई त्याला आत असेपर्यंत सलग गात राहावे लागे. सल्लागार एकदा हात धुवायला गेले; त्यांना एकही गाणे पाठ नव्हते, म्हणून त्यांनी मोठ्याने पाढे म्हटले.

दुकानाच्या बाजूला मात्र काहीच नव्हते. पाव ठेवायचा कुठे? एका सकाळी गडबडीत काकांनी रांगेतल्या पहिल्या बाईंच्या हातावर ट्रे ठेवला, त्यावरून दुसऱ्याला पाव दिले, आणि मग दुसऱ्याच्या हातावर ट्रे देऊन पहिल्या बाईंना मोकळे केले. तिसऱ्याने न सांगताच हात पुढे केले. सल्लागार कोपऱ्यात उभे होते. त्यांचा शर्ट कुरकुरायचा थांबला, कारण त्यांचा श्वासच थांबला होता.

त्याच दुपारी अहवाल तयार झाला. मानवी हात हा स्थानिक पातळीवर उपलब्ध, आपोआप वाढणारा, घरून धुऊन येणारा आणि वापरानंतर स्वतःच्या पायांनी निघून जाणारा असा एकमेव काउंटर आहे. गुण पैकीच्या पैकी. दारावर हिरवी पाटी लागली आणि गंमत म्हणजे लोकांना ते आवडले. आपण पाव विकत घेत नसून पृथ्वी सांभाळत आहोत असे त्यांना वाटू लागले. रांग गल्लीबाहेर गेली. औषधवाल्याने काउंटर फोडला, मग भांडीवाल्याने, मग बँकेने; बँकेत लोक एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून सह्या करू लागले आणि ज्याची पाठ रुंद त्याला आत मान मिळू लागला. घरोघरचे ओटे निघाले. नवरे सकाळी ऑफिसला जायच्या आधी दोन्ही हात पुढे करून स्वयंपाकघरात उभे राहू लागले. त्यांतले कित्येक तिथे पहिल्यांदाच उभे राहत होते, हेही सल्लागारांनी अहवालाच्या पुरवणीत लाभ म्हणून नोंदवले.

धाकटी आनंदात होती. दूरदूरहून माणसे तिचे ऐकायला येत, ती हात हवेत फिरवी आणि काका कौतुकाने बघत. एकच अडचण होती. पाव बिघडला होता. न्हाणीघराच्या दरवाजाच्या दोन फळ्यांमध्ये फट होती, पीठ तिच्यात शिरे, आणि रेटून मळायला जावे तर खाली खोकी दबत. पाव चिवट निघू लागले. कुणी तक्रार केली नाही. नैतिक पाव चिवट असणारच, असा लोकांनी समज करून घेतला. पण काका पाव तोडत आणि तो तुटण्याऐवजी ताणला गेला की नजर खाली घालत.

एका दुपारी रांग ओसरल्यावर काका खोक्यांच्या ढिगापाशी बसले होते. धाकटीने विचारले, बाबा, काय झालं.

"मला मळायचंय," ते म्हणाले.

"मळताय की रोज."

"नाही गं. मी नुसता पिठाला हात लावतो. टेकायला काही नाही खाली." बोटांवरचे पीठ खरवडत ते म्हणाले, "तुला नाही म्हटलं तर तूही जाशील असं वाटलं. थोरल्याला मी सगळ्याला नाही म्हणायचो."

धाकटीचे हात मांडीवर होते, हवेत नव्हते. मग ती म्हणाली, "मला तर तो दगड आवडायचा. लहानपणी त्याच्यावर गाल टेकवून झोपायचे मी. पण इतकं शिकून आले, आणि काहीच बदललं नाही, तर तुम्ही म्हणाला असता, कशाला गेली होतीस."

"मी कशाला म्हणीन?"

"तुम्ही नसता म्हणाला. मला वाटलं, म्हणाल."

आतून काकू म्हणाल्या की त्यांना दोघांनाही काही म्हणायचे आहे, पण ते पीठ उरकल्यावर म्हणतील. त्या एका पायावर उभ्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी बापलेक पलीकडच्या पेठेत दगडवाल्याकडे गेले. साधा काळा दगड हवा, काका म्हणाले, रडत असला तरी चालेल. दगडवाल्याने दाराबाहेरच्या गर्दीकडे बोट दाखवले. औषधवाला होता, भांडीवाला होता, बँकेचे साहेब पाठ चोळत उभे होते, आणि हात दुखणारे नवरे तर मोजवत नव्हते. एवढ्या लोकांना पुरवायचे म्हणून एक नवा डोंगर नुकताच फोडायला घेतला होता. सल्लागार रांगेच्या कडेने कुरकुरत फिरत होते. कुठला दगड कमी रडतो हे ते प्रत्येकाला वेगवेगळे सांगत होते.

काकांचा नंबर लागला आणि दगड आला. पाव पुन्हा पहिल्यासारखा तुटू लागला. धाकटी आता पहाटे स्वतः मळते आणि काका बाजूला उभे राहून तिला चुका काढू देतात, तिच्या स्वतःच्या. शहराबाहेर फोडलेल्या ओट्यांची एक टेकडी झाली आहे. संध्याकाळी लोक तिथे फिरायला जातात आणि निसर्ग किती जवळ आला म्हणतात.

हे सगळे वाचून आपल्याला हसू आले असेल, तर चांगलेच आहे. वाचता वाचता आपली नजर एकदा तरी आपल्या स्वयंपाकघराकडे गेली, हेही आम्हांला ठाऊक आहे. कडेला जरा झिजलाय, नाही का? रंगही जुनाट वाटतो. वाटणारच. ही गोष्ट वाचायला घेतलीत तेव्हा तो नुसता ओटा होता.