तात्यांचे खासगी भूकंप

कोयनानगरात जमीन हलली की माणसं घराबाहेर पळतात. आमच्या शेजारचे तात्या पवार पळत नाहीत. बनियनवर ओट्यावर येऊन उभे राहतात, डोळे मिटतात आणि आमटी चाखल्यासारखं तोंड हलवून निकाल देतात, "लय पांचट. धक्क्यात आता पयल्यावानी दम ऱ्हायला न्हाई, गड्या."

आम्हाला तसं धक्क्यांचं कौतुक नाही. आमच्याकडं ताक घुसळायला रवी लागत नाही. विरजणाची बरणी फडताळावर ठेवायची, दुपारी लोणी काढून घ्यायचं. न्हाव्याकडं गेलात तर मिशीची हमी कुणी देत नाही.

निकाल दिला की तात्यांची फेरी सुरू. प्रकल्पावर क्रेन चालवायचे तेव्हापासूनची ही सवय. हातातली काठी प्रत्येक फाटकावर वाजवायची आणि विचारायचं, "आवं, हाय का कोन? काय पडलं का?" शेवटचं घर जाधवकाकूंचं. मुलगा फौजेत, काकू एकट्या. तिथं तात्या मांडणीवरची भांडी तपासतात, चहा पितात आणि साखरेवरून भांडतात. "वहिनी, साखर धक्क्यानं सांडली व्हय?"

आता आतली गोष्ट सांगतो. यातले बरेचसे धक्के एकट्या तात्यांनाच बसतात. काकूंचं दार उघडायला उशीर झाला की हमखास बसतो. पावसाची झड लागून गल्लीत माणूस दिसेनासं झालं की हमखास बसतो. अख्ख्या कॉलनीला हे ठाऊक आहे. तोंडावर कुणी बोलत नाही.

तात्यांची लेक सुनंदा पुण्यात राहते. "बाबा, त्या हलत्या गावात काय ठेवलंय?" म्हणत तिनं एकदा त्यांना नेलंच. तिथं रस्त्यावरून डंपर गेला, खिडकीची काच थरथरली आणि तात्या बनियनवर, काठी घेऊन, सगळी इमारत ठोठावत सुटले. वॉचमननं धरून वर आणलं. आठवड्याच्या आत स्वारी परत.

"लय सुधारल्यालं गाव," मला सांगत होते. "एकानं साखळीच्या फटीतनं ईचारलं, पार्सल कुठाय. म्हनलं, मीच की. तर दारच लावलं रं."

गेल्या पावसाळ्यात तात्या न्हाणीत घसरले. गुडघा कामातनं गेला, फेरी बंद झाली. सुनंदा गाडी घेऊन आली. "इथं एकटे पडून राहिलात तर कोण बघणार तुम्हाला?"

एरवी या माणसानं पुण्याच्या पाण्यापासून पोह्यांपर्यंत सगळ्याचा उद्धार केला असता. या वेळी गप्प. मला तिथंच धास्ती वाटली. बॅग डिकीत गेली. तात्या इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले.

तेवढ्यात फाटकावर उलथनं वाजलं. जाधवकाकू, आणि त्यांच्या मागं निम्मी गल्ली.

"भावजी, हाय का? बसलाय काय निवांत? धक्का बसला की."

"काकू, मी इथंच आहे," सुनंदा म्हणाली. "मला तर काहीच जाणवलं नाही."

"तू पुन्याची. तुला कसा कळंल?" काकू सरळ आत शिरल्या. मांडणी बघितली, न्हाणीत डोकावल्या, माठात पाणी आहे का बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "न्हाई, काय पडलं न्हाई."

तात्यांनी डोळे मिटले. आम्ही सगळे निकालाची वाट बघत उभे. निकाल काही येईना. हनुवटी तेवढी हलत होती.

सुनंदानं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग काकूंकडं.

"काकू, उद्यापण बसेल का धक्का?"

"आता रोज बसंल. सकाळी एक, दिवेलागणीला एक."

"आन च्या?" डोळे न उघडताच तात्यांनी विचारलं.

"आनीन की. बिनसाखरंचा."

सुनंदा बापापुढं खाली बसली आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.